संगीत : पारंपरिक

मोबाइलवर गाणं लावलं की पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काही मजकूर येतो. तो मी सहसा वाचत नाही. परवा वाचला गेला. भीमसेनजींचं ‘तीर्थ विठ्ठल’ लागलं होतं. गायक : पंडित भीमसेन जोशी. रचना : संत नामदेव. संगीत : पारंपरिक. गाणं संपून पुढचं सुरू झालं, तरी माझं मन त्या शेवटच्या ओळीपाशीच अडकून राहिलं.

ही चाल परंपरेनं आलेली नाही. ती राम फाटकांनी केली. ‘काया ही पंढरी’ त्यांचं, ‘माझे माहेर पंढरी’ त्यांचं. सुधीर मोघ्यांच्या ‘सखी मंद झाल्या तारका’ला चाल दिली ती त्यांनीच, आणि ना. घ. देशपांड्यांच्या ‘अंतरिच्या गूढगर्भी’लाही त्यांनीच. १९१७ साली जन्मलेले आणि २००२ साली गेलेले राम फाटक पुण्याच्या आकाशवाणीशी कायमचे जोडले गेलेले आहेत. स्वतः गाणारे होते. ‘गीतरामायण’ पहिल्यांदा रेडिओवरून आलं तेव्हा त्यातल्या गायकांत त्यांचाही आवाज होता. ‘माझी स्वरयात्रा’ या नावानं त्यांनी आपली वाटचाल लिहून ठेवली. इतकं सगळं करून ठेवलेल्या माणसाची ओळख कुणीतरी एका शब्दात पुसून टाकली होती.

राग आला, आणि त्याच्या पाठोपाठ, का कोण जाणे, थोडं भरूनही आलं. नामदेवांचे शब्द तेराव्या-चौदाव्या शतकातले. त्यांच्याशी एखादी चाल इतकी एकजीव व्हावी की ऐकणाऱ्याला ती त्यांच्याबरोबरच जन्मली असं वाटावं, अभंगाला चाल देणाऱ्याला याहून मोठी पावती कोण देणार?

माझ्या लहानपणी मात्र ही गल्लत होत नसे. आमच्या वाड्यात रेडिओ फडताळाच्या वरच्या फळीवर असायचा आणि सकाळी तो बंद करायचा अधिकार आजीशिवाय कुणाला नव्हता. आधी ती ओळखीची धून, मग मंगलवाद्य, मग भक्तिगीतं. संस्कृत बातम्या सुरू झाल्या की वेणी घालून झालेली असायला हवी, आणि सुधा नरवणे यांच्या आवाजात मराठी बातम्या लागल्या की दप्तर भरलेलं हवं, असं आमचं घड्याळ होतं. प्रत्येक गाण्याआधी निवेदिका तीन नावं घ्यायची. कवी अमुक, संगीतकार अमुक, गायक अमुक. आजीची शाळा चौथीत सुटलेली, पण ती तीन नावं ती गाण्यासारखीच ऐकायची. ‘संगीत राम फाटक’ असं ऐकू आलं की फोडणीचा आवाज नको म्हणून कढई बाजूला ठेवायची.

“तू ओळखतेस का गं त्यांना?” मी एकदा विचारलं.

“अगं, सकाळी सकाळी घरी येणारा माणूस. त्याला ओळखणार नाही होय?”

तिचं सांगणं असं, की शब्द देवाघरचे असले तरी चाल कुणीतरी बसून केलेली असते, त्या माणसाची आठवण ठेवावी. ती संगीतातली जाणकार वगैरे नव्हती. रागांची नावं तिला येत नसत. पण ही चाल वाटव्यांची, ही फडक्यांची, ही खळ्यांची, हे ती मुखडा ऐकून सांगायची आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. वर्षानुवर्षं कानांवर पडलेल्या त्या तीन नावांनी तिला हे शिकवलं होतं.

ती पहिली धून तरी कुणाची? तानपुऱ्याच्या साथीवर व्हायोलिनचे ते मोजके स्वर, ज्यांत लोकांना शिवरंजनीची छाया दिसते. भारतात ज्यानं म्हणून आयुष्यात कधी पहाटे रेडिओ लावला, त्यानं ती ऐकली आहे. तिच्याइतकी वाजलेली दुसरी रचना या देशात सापडणं कठीण. बहुतेक जण तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना देतात, काही जण दुसरी नावं घेतात. कॉफमन १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबादला जन्मले. बर्लिनला, प्रागला शिकले. ज्यू होते, आणि युरोपातलं आभाळ भरून आलेलं होतं. १९३४ मध्ये ते मुंबईला उतरले. इथे त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, तिच्यात मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे. झुबिन मेहतांचे वडील. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात कॉफमन बरीच वर्षं पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होते. आपलं संगीत आधी त्यांच्या कानांना परकं वाटलं आणि नेमकं म्हणूनच ते शिकायला बसले. पुढे कॅनडातल्या विनिपेगला त्यांनी वाद्यवृंद चालवला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं, उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १९८४ साली तिथेच वारले. माझ्या आजीची प्रत्येक सकाळ बहुधा कार्ल्सबादच्या माणसाच्या स्वरांनी उघडत होती आणि तिला ते शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, कारण त्या धुनेआधी निवेदिका नाव घेत नसे.

त्याच सुमारास दिल्ली केंद्रावर जॉन फाउल्ड्स होते. मँचेस्टरचे संगीतकार. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यांनी ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ ही प्रचंड प्रार्थनारचना केली. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती हजाराहून अधिक गायक-वादकांनी सादर केली. पुढची काही वर्षं त्याच दिवशी ती होत राहिली, मग थांबली, आणि २००७ पर्यंत कुणी तिला हात लावला नाही. दिल्लीत त्यांनी भारतीय वादकांना घेऊन वाद्यवृंद उभारायचा घाट घातला, हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. तिचे ठरलेले स्वर आपल्या श्रुतींना चालत नाहीत, मींड तिच्यातून निघत नाही, हे त्यांचं म्हणणं. १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला कॉलऱ्यानं ते गेले. पुढच्या वर्षी, १ मार्च १९४० पासून, आकाशवाणीवर पेटीला खरोखरच बंदी झाली आणि ती तीस वर्षांहून अधिक टिकली.

त्या बंदीबद्दल मला हळहळ वाटते. गोविंदराव टेंबे जी वाजवायचे ती पेटी महाराष्ट्रात तरी परकी राहिलेली नव्हती. पण रेडिओच्या संगीतकारांना त्या बंदीनं दुसरीकडे बघायला लावलं हेही खरं. बासरी, सारंगी, व्हायोलिन, सतार यांच्यावर भावगीत उभं राहिलं. सुधीर फडक्यांना आपण मंचावर पेटी पुढ्यात घेऊन ‘गीतरामायण’ गाताना डोळ्यांसमोर आणतो. पुणे केंद्राच्या स्टुडिओत १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झालं तेव्हा पेटीला तिथे दार बंद होतं. एकेक गीत आठवड्याला, वर्षभर. त्या साली अधिक महिना आला म्हणून छप्पन गीतं झाली. माडगूळकरांचा कागद वेळेत येईल की नाही या धास्तीत आकाशवाणीचे सीताकांत लाड, कागद आला की चाल, चाल झाली की गायकाच्या गळ्यात ती बसवणं. इतक्या घाईत झालेलं काम इतकं टिकाऊ कसं निघतं, हे मला कधी उमगलेलं नाही.

टिकाऊ चालींवरून केशवराव भोळे आठवतात. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तरच लिहायचं आहे.

केशवराव १८९६ चे, वऱ्हाडातले, अमरावतीचे. डॉक्टर व्हायला निघाले आणि गाण्यानं त्यांना अडवलं. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या नावांनी ते गाण्यावर लिहायचे, आणि असं लिहायचे की मोठमोठे गवई त्यांच्या लेखणीला वचकून असत. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं. संगीत नाटकातली तासन् तास चालणारी पदं बाजूला सारून त्यांनी ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या गळ्यात छोटी, प्रसंगाला चिकटून बसणारी गाणी दिली. मग प्रभात चित्रसंस्थेनं त्यांना बोलावलं. ‘कुंकू’मध्ये तर त्यांनी पार्श्वसंगीताला वाद्यंच घेतली नाहीत, घरातले, रस्त्यावरचे आवाज, आणि पडद्यावर जे वाद्य दिसेल तेवढंच. शांता आपटे त्यात लाँगफेलोची जीवनावरची इंग्रजी कविता गातात. १९३७ साली हे धाडस होतं.

पण त्याच्या आदल्या वर्षी ‘संत तुकाराम’ झाला. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची पटकथा, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्याचा आरंभ अजून अंगावर येतो. पागनीस विठ्ठलाचं ध्यान करत एक अभंग गातात. साधा, ओळीवर ओळ ठेवत जाणारा, गाणाऱ्याला आपण गातो आहोत याचं भानही नसलेला. दृश्य बदलतं. तेच शब्द आता सालोमालो म्हणतो आहे, स्वतःचे म्हणून. त्याच्या गाण्यात ठसका आहे, हरकती आहेत, समोरच्यानं वाहवा करावी म्हणून टाकलेल्या जागा आहेत. तुकोबांचे शब्द चोरून आपले म्हणवणारा हा माणूस, आणि त्याची चोरी केशवरावांनी संवादाचा आधार न घेता चालीतून उघडी पाडली. त्याच शब्दांना दोन चाली: एकीत भक्ती आहे, दुसरीत बढाई. भजनाची चाल कशी असावी आणि कशी नसावी याचा याहून चांगला धडा मी कुठे ऐकलेला नाही. पुष्कळ गायक आजही अभंगात सालोमालोच्या जागा घेतात आणि टाळ्या घेतात. कान शाबूत असला की फरक कळतो.

त्याच चित्रपटात पागनीस ‘आधी बीज एकले’ गातात. बी, अंकुर, झाड, पुन्हा बी, एकातून अनेक आणि अनेकांत तोच एक. हा अभंग तुकोबांच्या गाथेत नाही. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला. त्यांचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास होतं. पण शब्द इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले आणि केशवरावांनी त्याला अशी शेतातल्या मातीसारखी चाल दिली की जाणकार मंडळीही गाथेत तो शोधत राहिली असं सांगतात. कीर्तनांत तो शिरला. लोक शेवटी ‘तुका म्हणे’ नसलं तरी तुकोबांचाच म्हणून गाऊ लागले.

जरा थांबून बघा. या चित्रपटाचं कथानकच मुळी कवितेच्या मालकीवर आहे. सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणवतो, तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो, वह्या इंद्रायणीत बुडवायला लावतो, आणि अखेर खरा कवी कोण हे उघड होतं. त्याच चित्रपटातली कविता लोकांनी कवीकडून काढून घेतली आणि प्रेमानं तुकोबांच्या पदरात टाकली. आठवल्यांनी काय करावं? तक्रार कुणाकडे करावी? माझी खात्री आहे की त्यांना वाईट वाटलं नसणार. तुकोबांच्या नावानं आपली ओळ खपावी यासाठी मराठी कवी सात जन्म घेईल.

पागनिसांचंही तसंच झालं. मुळात स्त्रीभूमिका करणारा नट. आधी नाटकांत नायिका म्हणून उभा राहिला, नंतर भजनं गाऊ लागला. ‘संत तुकाराम’नंतर लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडायचे. कित्येक घरांतल्या देव्हाऱ्यात तुकोबा म्हणून जी तसबीर लागली तिच्यातला चेहरा पागनिसांच्या चेहऱ्याशी मिळताजुळता आहे. १९४३ साली ते गेले. चेहरा तुकोबांना दिला, आवाज तुकोबांना दिला, आणि आपल्यापाशी काही ठेवलं नाही. केशवरावांनी चाल दिली, आठवल्यांनी शब्द. एका संताभोवती चार-पाच माणसं अशी विरघळून गेली आहेत. दामले आणि फत्तेलाल यांना कोल्हापूरच्या कार्यशाळेत कामाची सवय होती, पडदे रंगवायची, कॅमेऱ्याची यंत्रं जुळवायची. तेही फार बोलत नसत. चित्रपट बघताना त्यांतल्या कुणाचीच आठवण होत नाही. संपल्यावर मात्र मला एकेक नाव घ्यावंसं वाटतं. आवली झालेल्या गौरीचंसुद्धा. ती प्रभातमध्ये अगदी साध्या कामाला लागली होती आणि पडद्यावर तिनं तुकोबांची बायको अशी उभी केली की संतांच्या घरातल्या चुलीची धग आपल्यापर्यंत पोचते.

‘इंद्रायणी काठी’चीही तीच गत. भीमसेनांच्या आवाजात ते ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जण ते एखाद्या संताचं समजतात. ते माडगूळकरांनी लिहिलं, १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’साठी, आणि चाल पु. ल. देशपांड्यांची आहे. पुढे दोनच वर्षांनी पु. ल. पुणे आकाशवाणीत रुजू झाले. विनोदकार म्हणून आपण पु. लं.ना इतकं डोक्यावर घेतलं की त्यांच्यातला चाल बांधणारा माणूस आपल्या हातून निसटला.

पन्नासच्या दशकात आकाशवाणीला गाणी स्वतः घडवावी लागली त्यालाही एक कारण होतं. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री होते, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर. सिनेमाची गाणी त्यांनी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. सिनेमाची जागा भरून काढायला केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग झाले, कवी बोलावले गेले, संगीतकार नेमले गेले. केसकरांचा हट्ट मला पटत नाही. सिनेसंगीतात त्या वर्षांत जे सोनं निघत होतं त्याला दार लावणं हा करंटेपणा होता. पण त्या हट्टाच्या पोटी मराठीला मोठं देणं मिळालं. मुंबई केंद्राचं ‘भावसरगम’ आणि तिथे यशवंत देव, पुणे केंद्राचं ‘स्वरचित्र’ आणि तिथे राम फाटक. महिन्याला एक नवं गाणं. कुणी निर्माता पैसे घालून बसलेला नाही, नायिकेच्या हालचालींना ताल जुळवायचा नाही, किती रेकॉर्ड खपतील याची चिंता नाही. कवितेला चाल हवी एवढंच काम. अशा मोकळ्या जागेत चांगला माणूस आला की काय होतं ते आपण ऐकलं आहे.

राम फाटकांनी त्या मोकळ्या जागेत केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भीमसेनांच्या गळ्यात त्यांनी अभंग ठेवला. आज यात काही विशेष वाटत नाही. ‘संतवाणी’ म्हटलं की भीमसेनच. पण किराना घराण्याचा, तासभर ख्याल मांडणारा, मातृभाषा कानडी असलेला गवई समोर बसवून त्याला चार-पाच मिनिटांचा मराठी अभंग द्यायचा, तर चाल कशी करावी? सोपी केली तर त्याच्या गळ्याचा अपमान. अवघड केली तर अभंग वारकऱ्याच्या हातून गेला. फाटकांनी ‘तीर्थ विठ्ठल’ला अहिरभैरव निवडला. या रागाच्या खालच्या अंगात भैरव आहे, पहाटेचा, गंभीर. वरच्या अंगात काफी, म्हणजे आपल्या लोकगीतांच्या सर्वांत जवळचा. देवळाच्या गाभाऱ्यातून सुरुवात करून महाद्वाराबाहेरच्या वाळवंटात जायला याहून चांगली वाट नाही. नामदेवांचा तो अभंग म्हणजे विठ्ठलाच्या नावाची नुसती आवर्तनं. तीर्थ तोच, देव तोच, आई-बाप तोच, गुरूही तोच. इतक्या वेळा येणारं एकच नाव कंटाळवाणं होऊ न देणं ही संगीतकाराची कसोटी. फाटकांचा मुखडा पोळ्या लाटता लाटता कुणालाही गुणगुणता येतो. आणि त्याच मुखड्याच्या भोवती त्यांनी भीमसेनांसाठी ऐसपैस अंगण सोडलं आहे. त्यात ते वर जातात, नाव आळवतात, आकाशाला हात लावून येतात, आणि परत येऊन घरच्या उंबऱ्यावर उभे राहतात. उंबरा फाटकांनी घातलेला असतो. म्हणून ते कधी वाट चुकत नाहीत.

कसबी चाल गायकाला मोठं करते आणि स्वतः बाजूला होते. भीमसेनांनंतर किती जणांनी हा अभंग गायला! शास्त्रीय गायकांनी मैफलीच्या शेवटी गायला, शाळेतल्या पोरांनी स्नेहसंमेलनात गायला, वारीत चालणाऱ्या दिंड्यांनी गायला. प्रत्येकाला तो पेलतो. गळा लहान असेल तर लहान, मोठा असेल तर मोठा. बरेच संगीतकार गायकाचा एक विशिष्ट आवाज मनात धरून चाल करतात आणि तो आवाज गेला की चाल पोरकी होते. फाटकांची ही चाल भीमसेन गेले तरी पोरकी झाली नाही. माझ्या मते ही त्यांची श्रेष्ठता, आणि ‘सखी मंद झाल्या तारका’पेक्षाही मी या अभंगाला वरचं स्थान देते. ज्यांना भावगीतं अधिक प्रिय आहेत त्यांनी माझ्याशी खुशाल भांडावं.

तर प्रश्न उरतो तो त्या लेबलाचा. चाल परंपरेत मिसळली, लोकांनी ती आपली मानली, हे फाटकांचं भाग्य आणि आपलंही. तो निर्णय लोकांनी कानांनी केला आहे आणि तो मला शिरसावंद्य आहे. पण नाव पुसणं हा लोकांचा निर्णय नव्हे. तो यादी करणाऱ्याचा आळस आहे. नामदेवांचा अभंग सहाशे-सातशे वर्षं टिकला तो कशामुळे? शेवटच्या ओळीत नामदेव आपलं नाव घालून ठेवतात म्हणूनही. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. आपल्या संतांनी संसारातलं सगळं सोडलं, पण कवितेखालची सही सोडली नाही. अहंकारापोटी नव्हे, हे मी म्हणालो, याची जबाबदारी माझी, असं ते सांगत होते. चाल करणाऱ्याला अशी सही करायला ओळ नसते. त्याची सही आपण करायची असते, तोंडानं.

आकाशवाणीनं अनेक वर्षं ती केली. कार्यक्रमाची वेळ चुकली तरी चालेल, पण तीन नावं चुकता कामा नयेत, अशी तिथली शिस्त होती. तिच्यातून माझ्या आजीसारख्या लाखो बायकांना शाळेत न शिकवलेला संगीताचा इतिहास मिळाला. आता गाणी खिशात आली, हव्या त्या क्षणी मिळू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्या सुखसोयीत दोन नावं गळाली आणि तिसरं तेवढं मोठ्या अक्षरांत उरलं.

आषाढी जवळ आली की गावोगावी अभंगांचे कार्यक्रम ठरतात. निवेदक गायकाचा परिचय देतात, पखवाजवाल्याचं, टाळवाल्याचं नाव घेतात, शाल-श्रीफळ देणाऱ्या पाहुण्यांची यादी वाचतात. त्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढचा अभंग सुरू व्हायच्या आधी एक वाक्य जास्त बोला. अभंग नामदेवांचा, चाल राम फाटकांची. किंवा श्रीनिवास खळ्यांची, यशवंत देवांची, केशवराव भोळ्यांची, ज्याची असेल त्याची. नाव ठाऊक नसेल तर शोधा, ते मिळतं. आणि घरी मुलांना गाणं शिकवाल तेव्हा शब्दांबरोबर तेही पाठ करून घ्या.